जंतू कोणता आणि सूज किती: मुलांच्या शौच-तपासणीची ओळख

तान्ह्या बाळाची शी हा मराठी घरात लाजेचा विषय कधीच नव्हता. ती हिरवी झाली, फेसाळ झाली, आंबूस वास मारू लागली, की आई, आजी आणि शेजारच्या काकू लंगोट उजेडात धरून खल करतात, आणि त्या चर्चेतला बराचसा तपशील डॉक्टरांच्या कामाचा असतो. वैद्यकालाही हे नवं नाही. मल पाण्यात बुडतो की तरंगतो यावरून तो आम आहे की पक्व हे ओळखायला चरकसंहितेत सांगितलं आहे. १८८५ मध्ये म्युनिकमधल्या थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या शौचात आढळलेल्या एका दंडाकृती जंतूचं वर्णन केलं. आज त्याच्याच नावाने ओळखला जाणारा ई. कोलाय तो हाच. १८९७ मध्ये जपानमधल्या हगवणीच्या साथीत कियोशी शिगा यांनी शिगेला शोधून काढला. मुलाच्या शौचात कोणता जंतू आहे हे पाहण्याची रीत अशी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. त्या जंतूमुळे आतड्याचं अस्तर किती सुजलं आहे, हेही त्याच डबीतून मोजता येईल, ही कल्पना मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली. पुढची पानं तिच्याबद्दल आहेत.

हे पुस्तक बालरोगतज्ज्ञांसाठी आहे, लॅबमध्ये डबी उघडणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे, आणि हातात रिपोर्ट घेऊन गोंधळलेल्या आईबापांसाठीही आहे. तिघांना एकाच पुस्तकात गाठायचं म्हणजे कुठे सोपं, कुठे अवघड होणारच. ज्याला जे जड जाईल ते त्याने खुशाल ओलांडावं. एक गोष्ट मात्र तिघांनीही सुरुवातीलाच पक्की करावी. जंतू आहे का, हा एक प्रश्न. आतड्याला सूज आहे का, हा दुसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की चुकीचे उपचार सुरू होतात, आणि आपल्याकडे ते रोज होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा, सहा वर्षांची मुलगी आहे. दहा दिवस झाले, दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतंय, आव पडते, मधूनच रक्ताची रेघ दिसते. ताप पहिले दोन दिवस होता, आता नाही. पोटात मुरडा येतो तेव्हा ती गुडघे पोटाशी घेते. हा जंतुसंसर्ग असेल तर बहुधा आपोआप बरा होईल. पण आतड्याचा दीर्घकालीन दाह, म्हणजे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, असाच सुरू होऊ शकतो. खात्री करायची तर दुर्बिणीने मोठं आतडं पाहायचं, तुकडा काढून तपासायचा. त्यासाठी लेकराला दिवसभर नुसत्या पातळ पदार्थांवर ठेवायचं, आतडं धुऊन निघेल इतकं जुलाबाचं औषध पाजायचं, आणि मग भूल द्यायची. दहा दिवसांच्या जुलाबासाठी हे सगळं करावं का? नेमक्या या अडचणीच्या जागी शौच-तपासणी मदतीला येते. सुई नाही, भूल नाही, उपास नाही. मूल रोज जे करतं तेच थोडं डबीत घ्यायचं.

जुन्या लॅब-रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स’ नावाची ओळ असायची, अजूनही असते. त्या पेशी म्हणजे बहुतांशी न्यूट्रोफिल, रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधला सर्वांत आधी धावून येणारा प्रकार. जिथे जंतू अस्तरात घुसतो तिथे त्या हजारोंनी रक्तातून बाहेर पडतात आणि आतड्याच्या पोकळीत उतरतात. १९७२ मध्ये हॅरिस, ड्यूपाँट आणि हॉर्निक यांनी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने शौच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत नीट तपासली. शिगेलाच्या हगवणीत या पेशी भरपूर सापडल्या, कॉलऱ्यात सापडल्या नाहीत, कारण कॉलऱ्याचा जंतू अस्तर फोडत नाही, फक्त पाणी ओढून बाहेर काढतो. तत्त्व उत्तम होतं, पण व्यवहारात घोडं अडत होतं. शौचात न्यूट्रोफिल फार काळ टिकत नाही, फुटतो. सकाळी दिलेली डबी दुपारी पाहिली तर पेशी गायब, आणि पाहणाऱ्याची नजर किती तयार आहे यावरही आकडा हलतो. तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला नमुना पाठवायचा म्हटलं तर विचारायलाच नको.

यावरचा तोडगा नॉर्वेतून आला. १९८० मध्ये ओस्लोत माग्ने फागरहोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रोफिलमधल्या एका प्रथिनाचं वर्णन केलं. पुढे त्याला कॅलप्रोटेक्टिन हे नाव मिळालं. या पेशीच्या द्रवभागातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मं किंवा त्याहूनही जास्त हे एकच प्रथिन असतं. पेशी फुटली तरी ते उरतं. आतड्यातले जंतू आणि पाचक रस त्याला सहज मोडू शकत नाहीत. १९९२ मध्ये अर्ने रोसेथ आणि मंडळींनी ते शौचातून मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. साध्या तापमानाला नमुना काही दिवस टिकतो हेही दिसलं. ज्या देशात माणसं लांब लांब विखुरलेली, हिवाळ्यात रस्ते बंद, तिथे टपालाने पाठवता येईल अशा तपासणीची गरज कुणालाही कळेल. आपल्याकडे बर्फ नाही, पण उन्हाळ्यात एस.टी.च्या पार्सलमध्ये तापलेली डबी आहे. त्यामुळे ‘काही दिवस टिकतो’ याचा अर्थ इथे सावधपणे घ्यावा. त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवावी, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवावी.

हे प्रथिन न्यूट्रोफिलमध्ये काय करतं, ही गोष्ट मला सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटते. जंतूंना वाढायला जस्त आणि मँगनीज लागतं. कॅलप्रोटेक्टिन हे धातू घट्ट पकडून ठेवतं आणि जंतूंची उपासमार करतं. शरीराची ही युक्ती बहुतेक जंतूंवर चालते, साल्मोनेलावर मात्र ती उलटते. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की साल्मोनेला टायफिम्युरियमकडे जस्त ओढून घेण्याची स्वतःची जोरकस यंत्रणा आहे. सूज आली, कॅलप्रोटेक्टिन वाढलं, शेजारचे निरुपद्रवी जंतू जस्तावाचून मागे पडले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत साल्मोनेला फोफावला. म्हणजे हा जंतू सूज सोसतो एवढंच नाही, तर सुजेवर पोसतो. अशा मुलाच्या शौचात कॅलप्रोटेक्टिन खूप चढलेलं दिसलं तर नवल नाही. मात्र तो आकडा मोठा आहे म्हणून शरीर लढाई जिंकतंय असा निष्कर्षही काढता येत नाही.

मग तो आकडा सांगतो तरी काय? वस्तीत पोलिसांच्या गाड्या उभ्या दिसल्या तर काहीतरी घडलंय आणि ते बऱ्यापैकी मोठं आहे एवढं कळतं. चोरी झाली, मारामारी झाली की मंत्री येणार आहेत, हे गाड्या मोजून कळत नाही. कॅलप्रोटेक्टिनचं तसंच आहे. ते आतड्यात, विशेषतः मोठ्या आतड्यात, न्यूट्रोफिल जमल्याची खबर देतं. त्या का जमल्या हे मुलाला तपासून, त्याच्या आईला विचारून आणि गरज पडली तर जंतू शोधून ठरवावं लागतं.

तरीही ही खबर कमी मोलाची नाही. मुलांच्या तीव्र जुलाबात साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर असेल तर कॅलप्रोटेक्टिन रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरसच्या तुलनेत साधारणपणे बरंच जास्त असतं, आणि आजार जितका तीव्र तितकं ते चढतं. तैवानमधल्या बालरोगतज्ज्ञांनी हे चांगलं दाखवून दिलं आहे. कारण समजायला सोपं आहे. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या वरवरच्या पेशी बिघडवतो. कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला, साल्मोनेला अस्तरात शिरतात. पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे एका मुलाच्या एका आकड्यावरून ‘हा जीवाणूच’ असं छातीठोक सांगता येत नाही.

इथे एक इशारा मुद्दाम ठळकपणे देतो. आकडा मोठा दिसला की हात अँटिबायोटिककडे जातो. तो आवरावा. तीन महिन्यांवरच्या, एरवी धडधाकट मुलाला साल्मोनेलाचे साधे जुलाब झाले तर सहसा अँटिबायोटिकची गरज नसते. उलट जंतू शौचातून जास्त काळ पडत राहू शकतो. शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायमध्ये काही अँटिबायोटिकांमुळे मूत्रपिंडाच्या गंभीर आजाराचा धोका वाढण्याची भीती आहे. याउलट शिगेलाची रक्ती हगवण असेल तर उपचार द्यायलाच हवेत. तिन्ही मुलांचं कॅलप्रोटेक्टिन सारखंच चढलेलं असू शकतं. उपचार जंतू आणि मूल पाहून ठरतात. आणि तिघांनाही पहिल्या तासापासून जे लागतं ते मीठ-साखर-पाणीच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर ते ड्रमात कालवून पाजलं आणि शेकडो जीव वाचवले. त्या ओआरएसला आणि सोबतच्या जस्ताच्या गोळ्यांना कोणतीही महागडी तपासणी पर्याय नाही.

आता वयाचा प्रश्न. मोठ्यांमध्ये शौचाच्या दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आत कॅलप्रोटेक्टिन असेल तर ते साधारण मानतात. २००३ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासाने चार ते सतरा वर्षांच्या मुलांनाही हीच मर्यादा लावता येते असं दाखवलं. त्याखालच्या मुलांचं गणित वेगळं. पहिल्या काही महिन्यांत ठणठणीत बाळाच्या शौचातही काही शे मायक्रोग्रॅम सापडतात. त्याचं आतडं अजून जंतूंशी ओळख करून घेत असतं, अस्तर थोडं सैल असतं, आणि आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये आकडा आणखी वर जाऊ शकतो. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात मात्र ‘५० पर्यंत सामान्य’ असंच छापलेलं असतं, मूल दोन महिन्यांचं असो की बारा वर्षांचं. तो रकाना पाहून घाबरलेली आई मग तीन डॉक्टर फिरते. लॅबना कळकळीची विनंती आहे की त्यांनी वयानुसार मर्यादा छापाव्यात. लॅक्टोफेरिन या दुसऱ्या प्रथिनाची तपासणीही मिळते, पण ते आईच्या दुधातच मुबलक असतं. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला ती करण्यात अर्थ नाही.

जंतू सापडणं आणि आजार असणं यांतलं अंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जंतूइतकं दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. अँटिबायोटिकनंतर मोठ्या माणसाच्या आतड्यात तो थैमान घालतो. तान्ह्या बाळांपैकी कितीतरी जणांच्या पोटात मात्र तो, कधी त्याच्या विषासकट, निवांत राहतो आणि बाळ खेळत असतं. म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळात त्याची तपासणी सरसकट करू नये असं मार्गदर्शक सूचना सांगतात. आता एका नमुन्यातून वीसेक जंतूंची जनुकं शोधणारे पीसीआर पॅनल शहरांत सर्रास मिळतात. त्यांत काही ना काही सापडतंच. सापडलेल्या प्रत्येक नावाला औषध द्यायचं ठरवलं तर मुलाच्या आतड्याचं काय होईल याचा विचार पॅनल विकणारे करत नाहीत.

हेलिकोबॅक्टर पायलोरीची गत थोडी वेगळी आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळवून देणारा हा जंतू जठरात राहतो, भारतात तो बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि बहुतेक मुलांना त्याचा त्रास होत नाही. जठराची सूज कॅलप्रोटेक्टिन नीट पकडत नाही, ते मुळात खालच्या आतड्याचं मोजमाप आहे. या जंतूचा अंश शौचात शोधणारी वेगळी तपासणी आहे, पण पोटदुखीच्या प्रत्येक मुलात ती करून औषध सुरू करण्याची पद्धत युरोप आणि अमेरिकेतल्या बाल-जठरांत्र संघटनांनी नाकारली आहे. औषधाचा कोर्स झाल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही हे पाहण्यासाठी मात्र ती उत्तम.

क्रोन्स आणि कोलायटिसच्या शोधात या तपासणीने जगभर नाव कमावलं ते रास्तच आहे. २०१० मध्ये व्हान ऱ्हीनन आणि सहकाऱ्यांनी तेरा अभ्यास एकत्र करून दाखवलं की आधी कॅलप्रोटेक्टिन केलं तर मोठ्यांमधल्या ६७ टक्के आणि मुलांमधल्या ३५ टक्के दुर्बीण-तपासण्या टळू शकतात. २०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मोठ्यांत आणि मुलांतही तिची शिफारस केली. पण मोठ्यांचे ६७ आणि मुलांचे ३५ यांतली दरी वाचकाने लक्षात ठेवावी. मुलांमध्ये ही तपासणी आजार सहसा चुकवत नाही. आजार नसताना वर जाण्याचं तिचं प्रमाण मात्र जास्त आहे. शिवाय हे आकडे प्रामुख्याने सधन देशांचे. आपल्याकडे जुलाब, जंत, अमिबा, टायफॉइड यांची भर पडते, आणि आतड्याचा क्षय तर क्रोन्सची हुबेहूब नक्कल करतो. क्षयातही कॅलप्रोटेक्टिन चढतं. क्रोन्स समजून क्षयाच्या मुलाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर काय होतं हे सांगायला नको. इथे ही तपासणी दोघांत निवाडा करू शकत नाही, आणि तिने तो करावा अशी अपेक्षाही धरू नये. मघाच्या मुलीच्या बाबतीत सोपा मार्ग असा. जुलाब चालू असताना एकदा आकडा पाहिला तर तो तसाच ठेवावा, आणि संसर्ग ओसरल्यावर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावा. खाली आला तर दुर्बीण टळली. तसाच राहिला, किंवा त्याआधीच वजन घटू लागलं, रक्त पडतच राहिलं, गुदद्वाराशी गळू किंवा फिश्चुला दिसला, तर थांबू नये.

एक शेवटचा भाग राहिला, आणि माझ्या मते आपल्या देशासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जुलाब नाहीत, रक्त नाही, पण मूल वाढत नाही. ‘माल-एड’ या आठ देशांतल्या अभ्यासात वेल्लोरच्या वस्त्यांमधली बाळं होती, ढाका आणि भक्तपूरची होती, पेरू आणि टांझानियाची होती. २००९ पासून सुमारे दोन हजार बाळांचं शौच जन्मापासून दोन वर्षांपर्यंत दर महिन्याला तपासलं गेलं. जुलाब नसतानाही जंतू सापडणं नित्याचं होतं. कॅम्पिलोबॅक्टर ज्यांच्यात वारंवार सापडला त्यांची उंची मागे पडली. याच प्रकल्पात मायलोपेरॉक्सिडेज, निओप्टेरिन आणि अल्फा-१-अँटिट्रिप्सिन हे शौचातले तीन पदार्थ मोजून सूज आणि अस्तराच्या गळतीचा एक निर्देशांक बनवला. ज्यांचा निर्देशांक सर्वांत वरचा, ती मुलं पुढच्या सहा महिन्यांत सर्वांत खालचा निर्देशांक असलेल्या मुलांपेक्षा १.०८ सेंटीमीटर कमी वाढली. सेंटीमीटरभर ऐकायला थोडं वाटतं, पण बाळपणात दर सहा महिन्यांना ते मागे पडत गेलं तर अंगणवाडीच्या तक्त्यावर मूल लाल रेषेकडे सरकतं. त्याला पोषक खाऊ दिला, तरी सुजलेलं आतडं तो नीट शोषून घेणार नाही. पाणी, संडास, कोंबड्या-बकऱ्यांची अंगणातली घाण हे विषय अशा वेळी आहाराइतकेच वैद्यकीय होतात. दर मुलाचं निओप्टेरिन मोजा असं मी म्हणत नाही. ते आज संशोधनाचं साधन आहे, बाह्यरुग्ण विभागातलं नाही. पण कुपोषणाचा विचार करणाऱ्याने सुजेचा विचार टाळू नये एवढं या अभ्यासांनी पक्कं केलं आहे.

नमुना घेण्याच्या पद्धतीवर आत स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. डायपर पाणी शोषतो, त्यामुळे उरलेल्या शौचात प्रथिन घट्ट होऊन आकडा फुगतो. अगदी पाण्यासारखे जुलाब असतील तर उलट तो पातळ होऊन खोटा कमी दिसू शकतो. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी तो वाढतो. वेगवेगळ्या कंपन्यांची किट एकाच नमुन्याला वेगवेगळे आकडे देतात, म्हणून पुन्हा मोजायचं तर त्याच लॅबमध्ये, त्याच किटने.

पालकांना आणि डॉक्टरांना एकच मागणं आहे. डबीवर नुसतं नाव आणि तारीख लिहून देऊ नका. मुलाचं वय महिन्यांत लिहा, जुलाबाचा कितवा दिवस आहे ते लिहा, रक्त पडतं का, गेल्या पंधरा दिवसांत कोणती औषधं दिली, बाळ अंगावर पितं का, आणि या तपासणीतून नेमकं काय जाणून घ्यायचं आहे तेही एका ओळीत लिहा. ती शेवटची ओळ लिहिता येत नसेल तर तपासणी सध्या करू नका.